सुताराने बांधलेला वाडा

विलायतेतले जुने वाडे म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दगडी भिंती येतात. पण वाचकहो, चारपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या खेड्यांतून आणि शहरांतूनही कितीतरी घरे लाकडाची होती. ती बांधायला गवंड्यापेक्षा सुताराची गरज जास्त. त्यांतली बरीच घरे आजही उभी आहेत आणि लोक त्यांत राहतात. अशाच एका वाड्याची माहिती आज आपण करून घेऊ. लाकूड म्हणजे कुजणारी, वाळवी लागणारी वस्तू. मग त्याचे घर पाचशे वर्षे टिकते कसे? ते कोण टिकवतो? हे समजून घेण्यासारखे आहे.

वाडा कोठे आहे?

इंग्लंडात मँचेस्टर नावाचे मोठे शहर आहे. कापडाच्या गिरण्यांमुळे त्याचे नाव आपल्याकडेही पुष्कळांनी ऐकलेले असते. त्याच्या दक्षिणेला चेशर नावाचा परगणा आहे. तेथे कॉन्गल्टन या गावाजवळ हा वाडा आहे. त्याचे नाव लिटल मोर्टन हॉल. मोर्टन हे जमीनदाराचे घराणे. भरभराटीच्या काळात या घराण्याकडे तेराशे एकरांहून जास्त जमीन होती. पिठाची पाणचक्की होती, फळबागा होत्या. असा जमीनदार ज्या घरात राही आणि जेथून जमिनीचा कारभार पाही, त्या घराला इंग्रजीत मॅनर हाऊस म्हणतात. आपण त्याला वाडा म्हणू.

वाड्याभोवती पाण्याने भरलेला खंदक आहे. त्याची रुंदी सुमारे ३३ फूट. खंदक पाहून हा किल्लाच आहे असे वाटेल. पण तसे नाही बरे का! लाकूड आणि काच यांचे घर लढाईला काय टिकणार? दारापुढे खंदक असणे हा त्या काळी मोठेपणा होता.

खंदकावरच्या पुलावरून गेले की देवडी लागते. देवडीतून आत गेले की फरसबंदी चौक. चौकाच्या तिन्ही बाजूंना घर आहे. आपल्या वाड्यांनाही असा चौक असतो, त्यामुळे ही रचना आपल्याला परकी वाटणार नाही.

हे घर एकदम बांधलेले नाही. विल्यम मोर्टन याने १५०४ ते १५०८ च्या सुमारास मोठे दिवाणखान्यासारखे दालन बांधले. मग मुलाने खोल्या वाढवल्या, नातवाने वाढवल्या. १६१० च्या सुमारास शेवटचा भाग झाला. म्हणजे बांधकाम शंभर वर्षे चालले.

तुम्ही म्हणाल, "इतक्या जुन्या काळची साले कशी कळली?" ती लाकडानेच सांगितली. झाडाच्या बुंध्यात दर वर्षी एक कडे वाढते. चांगल्या पावसाच्या वर्षी कडे रुंद होते, दुष्काळी वर्षी अरुंद. ही रुंद-अरुंद कड्यांची ओळ जाणकार वाचतात, आणि झाड कोणत्या सुमारास तोडले ते सांगतात. अक्षर ओळखणाऱ्याला पुस्तक बोलते, तसे कडी ओळखणाऱ्याला लाकूड बोलते.

आधी सांगाडा, मग भिंत

आपल्याकडे विटांचे किंवा दगडाचे घर बांधतात तेव्हा आधी भिंत उभी राहते. त्या भिंतीवर छपराचा भार असतो. भिंत पडली की घर पडले.

या वाड्यात उलटे आहे. येथे आधी लाकडाचा सांगाडा उभा केला. छप्पर, मजले, सगळा भार त्या सांगाड्यावर. भिंती मागाहून भरल्या. भिंत काढून टाकली तरी घर उभे राहते. माणसाच्या अंगात हाडे असतात आणि त्यावर मांस व कातडी असते, तसेच हे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या जुन्या वाड्यांत ज्यांनी लाकडी खांब आणि तुळया पाहिल्या आहेत, त्यांना हे चटकन समजेल.

हे लाकूड ओक नावाच्या झाडाचे. आपल्याकडे जसा साग, तसा तिकडे ओक. त्याचा आतला गाभा कठीण आणि टिकाऊ असतो. गंमत अशी की, सुतार हे लाकूड वाळवून वापरीत नसत. ओलेच वापरीत. ओला ओक कापायला सोपा. वाळलेला ओक म्हणजे करवतीला आणि पटाशीला घाम फोडणारा. घर उभे राहिल्यावर लाकूड वर्षानुवर्षे सावकाश वाळे. वाळताना ते कठीण होई आणि थोडे वाकडेही होई. जुन्या घरांची लाकडे वाकलेली दिसतात त्याचे हे एक कारण आहे.

घर जमिनीत पुरलेल्या खांबांवर नाही. आधी दगडाचे जोते बांधीत. जोत्यावर आडवी तुळई ठेवीत आणि त्या तुळईत खांब बसवीत. आपण लाकडी खांबाखाली दगडी तळखडा ठेवतो तो ज्यासाठी, त्यासाठीच हे. मातीची ओल लाकडाला चढू नये म्हणून.

खिळ्यांवाचून जोड

या सांगाड्याचे जोड लोखंडी खिळ्यांचे नाहीत. ओकच्या लाकडात एक तुरट रस असतो. तो लोखंडाला खातो. शिवाय लाकूड वाळताना हलते, तेव्हा खिळा ढिला होतो. म्हणून लाकडात लाकूडच बसवीत.

एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचे. दुसऱ्या लाकडात त्याच मापाचे भोक पाडायचे. कुसू भोकात बसवायचे आणि आरपार लाकडी मेख ठोकायची. आपले सुतारही असेच करतात. पण यातली एक खुबी पाहा. मेखेसाठी दोन्ही लाकडांना छिद्रे पाडतात ती नेमकी एका रेषेत नसतात. कुसवातले छिद्र मुद्दाम थोडेसे त्याच्या मुळाकडे पाडतात. मग मेख आत शिरताना कुसवाला ओढून घेते आणि जोड करकचून बसतो. पुढे लाकूड वाळते तसा तो जोड मेखेला आणखी घट्ट धरतो.

दुसरी खुबी अशी की, असा सांगाडा पुष्कळदा घराच्या जागेवर तयार करीत नसत. सुताराच्या आवारात तो जमिनीवर आडवा जुळवीत. प्रत्येक जोड बसतो की नाही ते पाहत. मग जोडावर पटाशीने खुणेच्या रेघा कोरीत. एका जोडाच्या दोन्ही लाकडांवर सारखीच खूण. मग सगळे सुटे करायचे, गाड्यांवर घालून न्यायचे, आणि खुणा जुळवून पुन्हा उभे करायचे. अशा खुणा जुन्या लाकडी घरांत अजून दिसतात.

तिरकी लाकडे कशाला?

वाड्याच्या बाहेरच्या अंगाला उभी, आडवी आणि तिरकी काळी लाकडे दिसतात. कोठे माशाच्या काट्यासारखी नक्षी, कोठे चार पाकळ्यांच्या फुलासारखी. पाहणाऱ्याला वाटते, ही नुसती शोभा. पण तिरक्या लाकडांमागे मोठे शहाणपण आहे.

हे घरी करून पाहा. चार काड्या घ्या. त्यांची चौकट करून टोके दोऱ्याने बांधा. आता एका बाजूने ढकला. चौकट लगेच तिरपी होईल. मग एक पाचवी काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी बांधा. आता ढकला. चौकट हलणार नाही. कारण तिचे आता दोन त्रिकोण झाले. चौकोन मुरडतो, त्रिकोण मुरडत नाही. फळ्यांच्या दाराला मागून तिरकी पट्टी मारतात तीही याचसाठी. वारा कितीही सुटला तरी घर एका अंगाला कलू नये म्हणून सुताराने ही तिरकी लाकडे घातली. पुढे धन्याला ऐपत आली तेव्हा त्याच लाकडांची नक्षी झाली.

वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा थोडा पुढे आलेला आहे, हेही पाहण्यासारखे आहे. मजल्याच्या तुळया भिंतीच्या बाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी केली आहे. त्यामुळे वर जागा वाढते. खालच्या भिंतीवर पावसाचे पाणी कमी येते. आणि तुळईच्या बाहेरच्या टोकावर वजन आल्यामुळे तिचा मधला भाग खाली झोल खात नाही.

कुडाच्या भिंती

आता लाकडांच्या मधल्या जागा कशाने भरल्या? त्या जागांत आधी काठ्यांची आणि फोकांची वीण करीत. त्यावर माती, शेण आणि गवताचा भुसा यांचा चिखल दोन्ही अंगांनी थापीत. वरून चुन्याचा हात देत. आहे की नाही ओळखीचे? यालाच आपण कूड म्हणतो. कोकणात आणि घाटावर कारवीचे कूड किती पिढ्या होत आले! हजारो मैलांवरच्या जमीनदाराच्या वाड्याची भिंत आणि आपल्या गरिबाच्या झोपडीची भिंत एकाच जातीची निघाली.

या भिंतीत एक गुण आहे. लाकूड हलले तर ती थोडी हलते. फुटली तर तेवढीच लिंपता येते. आणि तिच्यात शिरलेली ओल बाहेर निघून जाते. अलीकडच्या काळात काही लोकांनी अशा जुन्या घरांना पक्के करायचे म्हणून सिमेंटचा गिलावा दिला. त्याने उलटेच झाले. ओल आत कोंडली आणि लाकूड आतल्या आत कुजले. आता जाणकार लोक तो गिलावा काढून पुन्हा माती आणि चुना वापरतात.

आणखी एक गोष्ट. हा वाडा आज पांढराकाळा दिसतो. पण पहिल्यापासून तसा नव्हता. लाकूड न रंगवता ठेवीत. ते उन्हापावसात चांदीसारखे करडे होई. मधल्या भिंतींना पिवळसर मातकट रंग असे. लाकूड काळे आणि भिंत पांढरी करण्याची तऱ्हा राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पडली.

खिडकीवरचे नाव

चौकात उभे राहिले की दोन भव्य खिडक्या दिसतात. त्या भिंतीच्या पुढे आलेल्या आहेत, आणि इतक्या जवळ जवळ की त्यांची छपरे एकमेकांना टेकतात. त्या काळी काच फार महाग. मोठी काच करता येत नसे. म्हणून लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवीत. या वाड्यात असे सुमारे ३०,००० तुकडे आहेत. चौकोनी, त्रिकोणी, गोल, शंकरपाळ्याच्या आकाराचे.

या खिडक्या १५५९ साली झाल्या. हे आपल्याला कळते, कारण खिडक्यांवर तसे कोरून ठेवले आहे. धनी विल्यम मोर्टन याने या करवल्या, असे तेथे लिहिले आहे. हा पहिल्या विल्यमचा मुलगा. धन्याचे नाव असणारच, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या, असेही तेथे कोरले आहे!

मंडळी, जगात किती राजवाडे, किती देवळे, किती पूल आहेत. करवणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. करणाऱ्याचे नाव क्वचित. या सुताराचे नाव साडेचारशे वर्षांहून अधिक काळ त्याच्याच कामावर टिकले आहे. त्या काळी इंग्रजी शब्द कसे लिहायचे याचे नियम पक्के नव्हते. त्यामुळे त्या ओळीतले शब्द आजच्या शाळेत चुकीचे ठरतील. पण चुकीच्या ऱ्हस्वदीर्घाने नाव पुसले जात नाही. न लिहिल्याने मात्र पुसले जाते. ज्यांनी नुकतीच आपली सही गिरवायला घेतली आहे, त्यांनी रिचर्ड डेल सुताराची ही ओळ ध्यानात ठेवावी.

मागाहून चढवलेला मजला

१५६० च्या सुमारास दक्षिणेकडचा भाग आणि देवडी बांधायला घेतली. काम सुरू झाल्यावर त्यावर आणखी एक मजला चढवायचे ठरले असावे, असे जाणकारांना वाटते. या तिसऱ्या मजल्यावर एक लांबच लांब दालन आहे. लांबी ६८ फूट, रुंदी १२ फूट, आणि दोन्ही अंगांना खिडक्याच खिडक्या. पावसाच्या दिवसांत घरच्या माणसांनी तेथे फेऱ्या माराव्यात, खेळावे. असे लांब दालन असणे ही त्या काळच्या श्रीमंतांची हौस होती.

हौस खरी, पण भाराचे काय? दालनावरचे छप्पर जाड दगडी फरश्यांचे. त्यांचे वजन भयंकर. खालचा सांगाडा एवढा भार सोसण्यासाठी केलेला नव्हता. मग व्हायचे तेच झाले. खालच्या तुळया वाकल्या. भिंती फुगल्या. बाहेरून पाहिले तर एकही रेघ सरळ दिसत नाही. वाडा आत्ता कोसळतो की काय, असे पाहुण्याला वाटते.

पण तो कोसळला नाही. दगडाची भिंत एवढी वाकती तर फुटून पडली असती. लाकडाचा सांगाडा वाकला, कुरकुरला, पण त्याच्या जोडांनी एकमेकांना सोडले नाही. पुढे त्याला पोलादी सळयांचा आधार दिला गेला.

या दालनाच्या दोन टोकांना, वर भिंतीवर, चुन्याची दोन चित्रे आहेत. एका टोकाला भाग्याचे चाक घेतलेली बाई. दुसऱ्या टोकाला विधिलिखिताचा गोल घेतलेली बाई. शेजारी लिहिलेल्या शब्दांचा आशय असा की, भाग्याच्या चाकावर अज्ञानाची सत्ता असते, आणि विधिलिखिताच्या गोलावर ज्ञानाची. ही कल्पना रॉबर्ट रेकॉर्ड या विद्वानाच्या १५५६ साली निघालेल्या पुस्तकावरून घेतलेली आहे. गणितात बरोबर दाखवण्यासाठी आपण दोन आडव्या रेघा काढतो ना? ते चिन्ह याच रेकॉर्डने १५५७ साली पहिल्याने छापले.

वाडा ओस पडला, वाडा वाचला

चाक फिरायचे ते फिरलेच. १६४२ साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली. मोर्टन घराणे राजाच्या बाजूचे. पार्लमेंटने त्यांची मालमत्ता अडकवून ठेवली. घराणे कर्जात बुडाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस धनी वाडा सोडून गेले आणि तेथे खंडाने शेती करणारी कुळे राहू लागली. १८४७ च्या सुमारास बहुतेक वाडा रिकामा होता. जेथे प्रार्थना होई त्या खोलीत दगडी कोळसा भरलेला होता.

१८९२ साली वाडा एलिझाबेथ मोर्टन या बाईंकडे आला. त्या संन्यासिनी होत्या. त्यांनी प्रार्थनेची खोली नीट करवली. १९१२ साली त्या वारल्या. जाताना त्यांनी वाडा आपल्या नात्यातल्या चार्ल्स अब्राहम यांना दिला आणि अट घातली की, हा कधी विकायचा नाही. अब्राहम धर्मोपदेशक होते. त्यांनी १९३८ साली वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला. ही सरकारी संस्था नव्हे. लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर ती १८९५ सालापासून चालते. जुनी घरे, बागा आणि मोकळ्या जागा सांभाळणे हे तिचे काम.

१९७६ साली एका खोलीतले लाकडी फळ्यांचे अस्तर काढले, तेव्हा मागे जुनी रंगीत चित्रे सापडली. बायबलातल्या सुझाना नावाच्या सच्छील बाईची ती कथा होती. १९७७ साली छपराच्या दगडी फरश्या निसटू लागल्याचे आढळले. मग टप्प्याटप्प्याने मोठी दुरुस्ती झाली. कुजलेल्या लाकडाच्या जागी नवे लाकूड घातले. ते काळे रंगवले नाही, तसेच ठेवले.

पाणी हाच वैरी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. लाकडाचे घर पाचशे वर्षे टिकते कसे? लाकूड कोरडे राहिले तर ते शतकानुशतके टिकते. भाराने वाकते, पण उभे राहते. त्याचा खरा वैरी पाणी. छपराची एक फरशी सरकते. तेथून थेंब गळतो. तो थेंब जोडात मुरतो. आत कुसू कुजते. बाहेरून काही दिसत नाही. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आपल्याकडेही लाकडी घरे अजून आहेत. ज्यांच्या घरी लाकडी खांब आणि तुळया असतील त्यांनी मृगाच्या आधी एवढे करावे. छपरावरची फुटकी कौले बदलावीत. वासे भिंतीत शिरतात तेथे ओल आहे का ते पाहावे. खांबाच्या पायाशी माती साचली असेल तर ती काढावी. लाकडात खिळा टोचून पाहावा. सहज आत गेला तर सुताराला बोलवावे. हे काम एका दिवसाचे आहे. ते टाळले तर एक दिवस तुळई बदलावी लागते, आणि तुळईसाठी कर्ज काढावे लागते.

मोर्टनांचा वाडा पैशाने उभा राहिला. पैसा गेला तेव्हा तो ओस पडला. मग वाचवला कोणी? जोड चोख बसवणाऱ्या सुतारांनी, विकायचा नाही म्हणणाऱ्या एका बाईने, आणि वर्गणी देणाऱ्या साध्या माणसांनी. घर बांधणारा एकदाच बांधतो. राखणाऱ्याला ते रोज बांधावे लागते.